पुढच्या टुरिंग गाडीत काय येईल, आणि त्यासाठी थांबावं का?

प्रश्न बोरिवलीच्या एका रायडरचा आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे २०१८ ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ आहे, ६२ हजार किलोमीटर झालेत. महिन्यातून एकदा बायकोला घेऊन कोकणात जातो, दोन-तीन वर्षांतून एकदा लडाख किंवा स्पिती. दोन सिलिंडरची नवी टुरिंग गाडी येणार अशी चर्चा सगळीकडे आहे. क्रूझ कंट्रोल, रडार, मोठी स्क्रीन, सगळं असेल म्हणतात. खरंच काय काय येईल? थांबू की आत्ता ४०० ते ४५० सीसीमधली एखादी घेऊन टाकू?"

माझं भांडुपला गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. लडाखला निघणाऱ्या गाड्या तयार करून देतो आणि बऱ्याचदा त्यांच्याबरोबर मेकॅनिक म्हणून जातोही. उत्तर लांबेल, पण तुमचे तीन-चार लाख जाणार आहेत, म्हणून सविस्तरच लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. गाडीत काय येईल हा एक, आणि जे येईल ते बोरिवली ते गुहागर जाताना तुमच्या किती उपयोगी पडेल हा दुसरा. चर्चा सगळी पहिल्याची चालते, पश्चात्ताप मात्र दुसऱ्यापायी होतो. नवी कोरी गाडी सहा महिन्यांत विकायला काढलेले लोक माझ्याकडे येतात. त्यातला एकही अजूनपर्यंत "स्क्रीन लहान होती म्हणून विकतोय" असं म्हणालेला नाही. जड होते, मांड्या भाजतात, बायको बसायला तयार नाही, ही कारणं असतात.

तरी पहिला प्रश्न आधी घेऊ. कंपनीने स्वतः सांगितल्याशिवाय कोणी छातीठोकपणे आकडे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. मीही अंदाजच सांगणार आहे. पण झाकलेल्या गाडीच्या फोटोंपेक्षा मी तीन गोष्टींवर जास्त भरवसा ठेवतो: सरकारचा नियम, कराची (जीएसटीची) रेषा, आणि महागड्या गाड्यांवरची कुठली वस्तू आता स्वस्त झाली आहे.

तिसऱ्यापासून सुरू करतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, मोटरसायकलवर पहिल्यांदा बीएमडब्ल्यूच्या के१०० वर १९८८ साली आलं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना ते एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. म्हणजे एकतीस वर्षं गेली. त्यानंतर वेग कसा वाढला बघा. गाडी वळणावर झुकलेली असताना ब्रेक सांभाळणारं कॉर्नरिंग एबीएस केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर २०१४ मध्ये आलं आणि २०२० मध्ये ते आपल्याकडच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरवर होतं. सहा वर्षांत मोठ्या, महागड्या गाडीवरची वस्तू तीन लाखांच्या गाडीवर उतरली. ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचंही तसंच झालं. २०२५ च्या ३९० अ‍ॅडव्हेंचरवर ते आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीव्हीएसने आणलेल्या ३०० सीसीच्या अपाचे आरटीएक्सवरही मिळालं.

हे इतकं भरभर का उतरतं, तेही सांगतो. अ‍ॅक्सिलरेटरची तार जाऊन त्या जागी सेन्सर आणि मोटर आली की इंजिनात हवा किती सोडायची हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. एकदा ते त्याच्या हातात गेलं की क्रूझ कंट्रोलला लागतं ते हँडलवरचं एक बटण आणि आत थोडा प्रोग्राम. रायडिंग मोड, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा) ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणून दोन सिलिंडरची नवी टुरिंग गाडी आली तर क्रूझ, मोड, ट्रॅक्शन, मागचं एबीएस बंद करायची सोय आणि रंगीत स्क्रीन ही जवळजवळ नक्की धरून चाला. त्यासाठी वेगळे पैसे मोजतोय असंही समजू नका.

रडार, म्हणजे पुढच्या-मागच्या गाडीचं अंतर मोजून वेग सांभाळणारी यंत्रणा, मात्र मी धरत नाही. पुढे-मागे रडार असलेली पहिली गाडी, डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४, २०२० च्या अखेरीस आली. आपल्या बाजारात पेट्रोलच्या टुरिंग गाड्यांत रडार महागड्या गाड्यांवरच दिसतं. ते खाली यायला अजून वेळ आहे. शिवाय आपल्या रस्त्यावर पुढच्या ट्रकपासून अंतर राखलं की त्या अंतरात डावीकडून रिक्षा शिरते. रडार मग ब्रेक लावत बसणार.

आता कराची रेषा. मला वाटतं पुढच्या तीन-चार वर्षांत टुरिंग गाड्यांचं रूप सगळ्यात जास्त याच गोष्टीने ठरेल, आणि रायडर मंडळी नेमकं हेच बोलत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर ४० टक्के. आधी वरच्या गाड्यांना सेस धरून ३१ टक्के पडत होते, खालच्यांना २८. म्हणजे फरक तीन टक्क्यांचा होता, तो बावीस टक्क्यांचा झाला. कारखान्यातून ३ लाखांना निघालेली गाडी रेषेच्या खाली असेल तर ३ लाख ५४ हजारांना पडते, वर असेल तर ४ लाख २० हजारांना. ६६ हजारांचं अंतर, त्यावर आरटीओचा टॅक्स वेगळा.

यातून मी दोन अंदाज बांधतो. एक, ३५० च्या आतली इंजिनं जास्तीत जास्त ताणली जातील, आणि आजवर मोठ्या गाड्यांवर दिसणारी साधनं त्या गाड्यांवर येतील, कारण वाचलेला कर कंपनीला साधनांवर खर्च करता येतो. दोन, रेषेच्या वर राहणाऱ्या गाडीला आपली किंमत पटवून द्यावी लागेल, म्हणून ती अर्धवट मोठी राहणार नाही, चांगलीच मोठी होईल. दोन सिलिंडर, मोठी टाकी, भारी शॉकअप, दुहेरी डिस्क. तुम्ही जिची वाट बघताय ती या दुसऱ्या गटातली. ती चार लाखांच्या आत येईल या आशेवर थांबला असाल तर ती आशा सोडा.

नियमाचं फारसं सांगायचं नाही. बीएस ६ या धुराच्या नियमाचा दुसरा टप्पा, ओबीडी (बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा), ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालणारे पाइप आणि सील हे नव्या गाडीत असणारच. ई२० चा एक परिणाम मात्र टाकीवर आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिसळलं की त्याच टाकीत ढोबळ मानाने सहा-सात टक्के कमी ऊर्जा मावते. तुम्ही स्पितीहून पुढे लेहला जाणार असाल तर हे हिशोबात घ्या. लेहच्या वाटेवर तांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" असा फलक वर्षानुवर्षं होता, तो वाचून पोटात गोळा आलेले रायडर मी पाहिलेत. दोन सिलिंडरची भरलेली गाडी बावीस-तेवीसचं अ‍ॅव्हरेज देईल असं धरा, म्हणजे सोळा लिटरमध्ये साडेतीनशेच्या आसपास. हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची आहे. मोठ्या गाडीला किमान १८-१९ हवी. स्क्रीन किती इंचांची असेल यापेक्षा हा आकडा आला की मला कळवा.

इथपर्यंत अंदाज झाले. आता ज्यासाठी मी लिहायला बसलो तो भाग.

तुम्ही बोरिवलीत राहता. मुंबईतून दुचाकी कुठून बाहेर पडते ते डोळ्यांपुढे आणा. सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे, यातल्या एकावरही मोटरसायकलला परवानगी नाही. म्हणजे क्रूझ कंट्रोल लावून निवांत बसावं असे जे सरळ, मोकळे रस्ते आपल्याकडे आहेत ते आपल्यासाठी बंद. तुम्ही निघणार जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), मग ऐरोली पूल, पनवेल, पळस्पे फाटा. हे पन्नास-साठ किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातात, वेळ लागतो दीड ते अडीच तास. परतताना रविवारी संध्याकाळी तेच, अंगात सगळा थकवा घेऊन. तुमच्या गाडीचं निम्मं आयुष्य या पट्ट्यात जाणार आहे आणि गाडी इथे कशी वागते यावर तुमचा रविवार ठरणार आहे.

इथे पहिला शत्रू उष्णता. इंजिनात जळलेल्या पेट्रोलची ढोबळ मानाने पाव ते एक-तृतीयांश ताकदच चाकापर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते. काही सायलेन्सरमधून जाते, काही रेडिएटरमधून. तुमच्या ४११ ला रेडिएटर नाही, हवा आणि ऑइलवर ती थंड होते, आणि ताकद २४ बीएचपीच्या जरा वर. उष्णताही बेताची. दोन सिलिंडरच्या, दुप्पट ताकदीच्या गाडीत दोन गरम पाइप पायापाशी असतात, आणि बीएस ६ साठी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या जवळ बसवावा लागतो, कारण तो तापल्याशिवाय काम करत नाही. त्यात सिग्नलला पंखा सुरू झाला की रेडिएटरमागची गरम हवा थेट नडगी-मांडीवर. मे महिन्यात दुपारी दोनला पवईच्या सिग्नलवर हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मोठी गाडी घेऊन गेलेला एक गिऱ्हाईक तिसऱ्या आठवड्यात उजव्या पोटरीवर पट्टी बांधून आला होता, हाफ पँटवर गाडी चालवून नव्हे, जाड जीन्स घालून.

कंपनी यावर काम करू शकते. हवेला खाली आणि बाहेर वळवणारे प्लॅस्टिकचे पडदे बसवता येतात, उभ्या गाडीत मागचा सिलिंडर बंद ठेवणारी सोय काही मोठ्या गाड्यांवर आहे. नव्या गाडीत मला खरोखर काही बघायचं असेल तर ते हे. पण चकचकीत माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं. ते दुपारी ट्रॅफिकमध्ये चालवूनच कळतं.

याच पट्ट्यासाठी अजून एक गोष्ट, जी मला रडारपेक्षा शंभरपट हवी आहे: आपोआप दबणारा क्लच. होंडाने ई-क्लच सीबी६५०आर वर आणलं आणि ते २०२५ मध्ये आपल्याकडेही आलं. यामाहाने वायएएमटी काढलं. हाताने क्लच न दाबता गाडी थांबते, निघते, गिअर बदलतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांची डावी मनगटं दुखतात, माझंही दुखतं. हे येत्या पाच-सहा वर्षांत मधल्या गाड्यांवर येईल असा माझा अंदाज आहे. पहिल्याच दोन सिलिंडरच्या टुरिंग मॉडेलवर मात्र तुम्हाला मिळणार नाही असं धरा.

दुसरा शत्रू वजन. हिमालयन ४५० पेट्रोल-ऑइलसह १९६ किलो आहे, तुमचीही त्याच घरात. सुपर मिटिऑर ६५० ही दोन सिलिंडरची गाडी २४१ किलोची. उंच, लांब ट्रॅव्हलच्या शॉकअपची, मोठ्या टाकीची दोन सिलिंडरची गाडी २२० ते २३५ किलोंच्या आत कोणी बसवली तर मी त्या कंपनीला मानेन. धावत्या गाडीला हे वजन जाणवत नाही, उलट हायवेवर ती दगडासारखी बसते. वजन कळतं ते गाडी उभी असताना.

गुहागरला तुम्ही दाभोळच्या फेरीबोटीने जात असणार. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही पाच गाड्या घेऊन धोपाव्याला उतरत होतो. बोट गच्च. पुढे दोन मोटारी, मध्ये टेम्पो, आमच्या गाड्या कडेला कोंबलेल्या. टेम्पो आधी निघेना म्हणून गाड्या उलट्या ढकलत बाहेर काढायची वेळ आली. खाली लोखंडी पत्रा, त्यावर समुद्राचं पाणी, थोडं डिझेल, बुटांना आलेला चिखल. हलक्या चार गाड्या माणसागणिक एक अशा निघाल्या. पाचवी अडीचशे किलोंच्या पुढची, बॅगांसकट. मालक एका बाजूला हँडल धरून, मी मागे कॅरिअरला, बोटीवरचा एक पोरगा तिसऱ्या बाजूला. मालकाचा उजवा बूट सरकला आणि गाडी हळूच, अगदी हळूच कलायला लागली. एकदा पाच-सात अंशांच्या पलीकडे गेलेली तशी गाडी माणसाच्याने सावरत नाही. त्या पोराने मांडी मध्ये घातली म्हणून ती टेम्पोच्या बंपरला टेकून थांबली. पोराला लागलं नाही, हे नशीब. मालक पुढचे दहा किलोमीटर एक शब्द बोलला नाही.

म्हणून रिव्हर्सचा विषय काढतो. होंडाच्या गोल्ड विंगने १९८८ च्या जीएल१५०० वर स्टार्टर मोटरच्या जोरावर रिव्हर्स दिला होता. आज आयक्यूब, चेतक अशा इलेक्ट्रिक स्कूटरवर रिव्हर्स असतो, कारण विजेची मोटर उलटी फिरवायला काही लागत नाही. तुमच्या बजेटमधल्या टुरिंग गाडीवर आपल्याकडे हे कोणी आणेल का? ही माझी इच्छा आहे, अंदाज नव्हे. तोवर वजनाचा आकडा हाच तुमचा रिव्हर्स. बिल्डिंगच्या पार्किंगला उतार आहे का, तुमची उंची किती, दोन्ही पाय टेकतात का, यावर उत्तर बदलेल. पाच फूट दहा इंचांचा माणूस जे सहज करतो ते पाच फूट पाचचा माणूस पायाच्या बोटांवर उभा राहून करतो.

तिसरी गोष्ट चाकं. यावर मी हटून बसतो, रागावू नका. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचा निपल रिममधून आरपार जातो, तिथून हवा सुटते, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबचं मागचं चाक पंक्चर झालं की अ‍ॅक्सल काढा, चेन सैल करा, ब्रेकची डिस्क सांभाळत चाक बाहेर ओढा, पट्ट्यांनी टायर उचला, ट्यूब काढा, भोक शोधा. कुंभार्ली घाटात जुलैमध्ये संध्याकाळी साडेसहाला हे मी केलंय, डोक्यावर बॅटरी बांधून, मांडीवर चाक घेऊन, आणि पट्टीने ट्यूबला दुसरं भोक पाडून पुन्हा पहिल्यापासून. पावणेदोन तास गेले. बरोबर एक जोडपं होतं, बाई रेनकोटमध्ये कुडकुडत कठड्याला टेकून उभ्या, आणि वळणावरून येणारा प्रत्येक ट्रक अंगावर आल्यासारखा. ट्यूबलेसला हेच काम दहा-बारा मिनिटांचं: खिळा उपसा, दोरी खुपसा, हवा भरा, निघा.

तारा हव्यात कारण खड्ड्यात त्या लवतात, अलॉय तडकतं. म्हणून तारांचं ट्यूबलेस चाक हाच टुरिंगचा खरा मार्ग आहे. तारा रिमच्या मधून न घेता कडेला बसवतात किंवा निपल आतून सील करतात. हिमालयन ४५० ला ती चाकं जास्तीचे पैसे भरून मिळतात. नव्या मोठ्या गाडीवर ती असतीलच असा माझा अंदाज आहे, निदान वरच्या मॉडेलवर. ज्या मॉडेलवर नसतील ते मॉडेल वीस हजारांनी स्वस्त असलं तरी तुमच्यासाठी नको. तुम्ही दोघं प्रवास करता.

दोघं म्हटल्यावर मागच्या सीटचं. बहुतेक टुरिंग गाड्यांची मागची सीट माझ्या मते उरलेल्या फोमची असते. वहिनींना चाळीस किलोमीटरनंतर विचारा, शोरूमच्या आवारात नको. मागच्या फूटरेस्टची उंची बघा, गुडघे फार वर येत असतील तर कंबर जाते. बाजूच्या बॅगा लावल्यावर पाय ठेवायला जागा राहते का, तेही. पुढची काच, हातांवरचे गार्ड, टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारं टीपीएमएस, चार्जिंगचं सॉकेट, या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत पण नंतर बसवता येतात. सीटला मिळणारी जागा आणि फ्रेमची लांबी नंतर बदलता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल एक सांगून पुढे जातो. जितकी साधनं, तितके सेन्सर, आणि त्यातले बरेचसे चाकापाशी. राजापूरच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर बरोबरच्या एका गाडीचे तीन दिवे एकदम लागले: एबीएस, ट्रॅक्शन, इंजिन. क्रूझ बंद, मोड बदलेना. मालक घाबरा, छोटा हत्ती मागवायची भाषा करायला लागला. मी मागच्या चाकापाशी वाकून बघितलं तर एबीएसच्या जाळीदार चकतीत तांबडी माती गच्च बसलेली, ओली, लाडवासारखी. वेगाचा सेन्सर त्या चकतीची छिद्रं मोजतो. छिद्रं आणि सेन्सरचं टोक चिखलाने माखलं की त्याची मोजणी चुकू शकते. पाण्याच्या बाटलीने धुतलं, रुमालाने सेन्सरचं टोक पुसलं, गाडी बंद करून चालू केली, शंभर मीटर गेल्यावर दिवे विझले. सांगायचं हे, की या गाड्या बिघडतात त्यापेक्षा जास्त वेळा नुसत्या गोंधळतात, आणि गोंधळ दूर करायची रीत मालकाला माहीत हवी. नवी कुठलीही गाडी घेतलीत तरी पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिकजवळ उभे राहा आणि पुढचा-मागचा सेन्सर कुठे आहे, फ्यूज कुठे आहे, साइड स्टँडचा स्विच कुठे आहे, एवढं बोट ठेवून बघून घ्या.

मग मोठ्या गाडीच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि ते लपवणं बरोबर नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्याही थोडी खालीच. इंजेक्शन पेट्रोलचं माप जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? तुमच्या ४११ चे चोवीस बीएचपी तिथे चौदाच्या आसपास उरतात, त्यावर दोन माणसं, तंबू, कॅन. पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते, तुम्ही अनुभवलंय. हिमालयन ४५० समुद्रसपाटीला ४० बीएचपीची, वर तेवीस-चोवीस उरतील, म्हणजे तुमच्या गाडीला मुंबईत आहे तेवढी ताकद तुम्हाला खारदुंग ला वर मिळेल. दोन सिलिंडरची त्याहून पुढे. शिवाय दोन सिलिंडरची खालची ओढ गुळगुळीत असते, हँडलची थरथर कमी, आठ तासांनंतर बोटं बधिर होत नाहीत. तुम्ही दर वर्षी दोघांनी हिमालयात जात असता तर मी म्हटलं असतं, थांबा, पैसे साठवा. पण तुम्हीच लिहिलंय, महिन्याला कोकण आणि दोन-तीन वर्षांतून एकदा हिमालय. छत्तीस वेळा जेव्हीएलआर, एकदा खारदुंग ला. गाडी छत्तीस फेऱ्यांसाठी घ्यायची असते.

आणि थांबायचं म्हणजे किती, हेही बघा. जाहीर झालेली गाडी शोरूमला यायला वेळ लागतो, मग बुकिंगची रांग, मग पहिली खेप. पहिल्या खेपेची गाडी मी कोणालाच घ्यायला सांगत नाही. कंपनी कितीही किलोमीटर तपासणी करो, हजारो लोकांच्या हातात एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय कनेक्टरमध्ये पाणी कुठे शिरतं, कुठला बेअरिंग लवकर जातो, हे कळत नाही. दुसऱ्या वर्षीच्या खेपेत ते गुपचूप दुरुस्त होऊन येतं. म्हणजे गाडी आजपासून वर्षभराने आली असं धरलं तरी तुमच्या हातात घेण्याजोगी ती दोन-सव्वादोन वर्षांनी.

तुम्ही सांगितलेल्या वापरावर मी असं करीन. ४११ चालती असेल आणि इंजिन आवाज करत नसेल तर या पावसाळ्यापर्यंत तीच ठेवा. दरम्यान ४०० ते ४५० च्या दोन-तीन गाड्या आणि ३५० च्या रेषेखालची एखादी नवी टुरिंग, अशा चालवून बघा. टेस्ट राइड रविवारी सकाळी आठला घेऊ नका, तेव्हा सगळ्याच गाड्या छान वाटतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मागा, वहिनींना मागे बसवा, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गोरेगाव ते अंधेरी आणि परत. येऊन गाडी बंद करा, खाली उतरा आणि दहा फूट उलटी ढकला. मोठी दोन सिलिंडरची गाडी बाजारात आली की तिलाही हीच परीक्षा द्या. पास झाली तर ६६ हजारांचा किंवा त्याहून थोडा जास्तीचा कर मला तुमच्या बाबतीत अडचणीचा वाटत नाही.

तोवर ६२ हजारांच्या गाडीचं एक काम लगेच करून घ्या. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध येताना हलकासा "टक" लागून थांबल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग, गेला आहे. घाटात उतरताना गाडी रेषा सोडते ती त्यानेच, आणि लोक टायरला दोष देतात. बदलायला अर्धा दिवस लागतो. त्याच वेळी मागच्या हबमधले रबर आणि व्हॉल्व्हचं सेटिंगही बघून घ्या, आणि काढलेला कोनसेट मेकॅनिककडून मागून हातात घ्या. कपाच्या आत गोळ्यांचे खड्डे बोटाला लागतील.